झाकरीसाठी चौथा माणूस

ड्रेस्डेनच्या विद्यापीठात दर मे महिन्यात देशोदेशीच्या विद्यार्थ्यांची एक संध्याकाळ असते. प्रत्येक देशाला रंगमंचावर दहा मिनिटं मिळतात. २०१६ साली ती दहा मिनिटं साधनाला मॉरिशससाठी हवी होती. अडचण एकच होती. गटात निदान चार माणसं लागत, आणि अख्ख्या विद्यापीठात मॉरिशसचं माणूस होतं एक, ती स्वतः.

"बाकीचे कुठल्याही देशाचे, विद्यार्थी नसले तरी चालतील," कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, "पण चार म्हणजे चार. शुक्रवारपर्यंत नावं द्या."

म्हणून बुधवारी संध्याकाळी साधना ओळखीच्या सुखदेवच्या घरी चहाला जाऊन बसली. सुखदेव संगणकाच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, मूळचा रत्नागिरीकडचा. साधनाचे खापरपणजोबा आत्माराम दीडशे वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावरून उसाच्या मळ्यात राबायला मॉरिशस बेटावर गेले होते. त्यामुळे तिची मराठी शाळेत शिकलेली, जरा पुस्तकी.

"अगं, आमच्या इंडियाच्या लेझमीत ये की," सुखदेवची बायको क्षमा म्हणाली. "चाळीस जण आहेत. मराठीच ना आपण सगळे?"

"मराठी आहोत, वहिनी. पण देश वेगळा आहे. इथे रोज कुणीतरी विचारतं, मॉरिशस म्हणजे इंडियाचंच बेट का?"

"मग तू करणार काय?"

"झाकरी. गोल करून नाचायचं, पायांत चाळ बांधून."

सुखदेवने कप खाली ठेवला. "जाखडी म्हण. झाकरी काय!"

"आमच्याकडे झाकरीच म्हणतात, दादा."

"बोटीतून जाताना अक्षरांना उलट्या झाल्या वाटतं."

साधना हसली. गाणं तिने स्वतःच रचलं होतं. टेबलावर ठेका धरून ती गाऊ लागली:

"जाडजूड एक पाखरू होतं, उडायचं इसरलं गं,
गलबतातून माणूस आला, पाखरूच सरलं गं."

"दास इस्ट डोख डेअर डोडो!" सोफ्यावरून दहा वर्षांची क्रांती ओरडली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"डोडोच. आता पुढे ऐक."

"कड्यावरती एकल्या डुलतं डुलाचं फूल लाल गं,
मध पिऊनी हिरवी पाल रंगवी आपले गाल गं."

डूल म्हणजे कानातले, आणि ते फूल म्हणजे तिच्या देशाचं राष्ट्रीय फूल. ते रानात एकाच डोंगरावर उगवतं, आणि त्याचा मधुरस लाल असतो.

"लाल? वारुम?" क्रांती उठून बसली.

"बहुतेक पालींना दिसावा म्हणून. 'बहुतेक' खोडायचंय, त्यासाठीच तर मी इथे शिकतेय."

"इश माखे मिट," क्रांतीने जाहीर केलं. ती येणार होती. क्षमा तर मघापासूनच ओढणी खोचून तयार होती. तिघींनी सुखदेवकडे पाहिलं.

"मला नाही येत," तो म्हणाला.

साधनाला मोजायची सवय होती. टेबलाखाली त्याचा पाय चालू होता. तीन ठोके, मग टाचेवर गिरकी. पुन्हा तीन ठोके, गिरकी.

"दादा, टाचेची गिरकी मी अजून सांगितलीच नाही."

पाय थांबला. सुखदेवने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"वरच्या वाडीत नाचायचे, गणपतीत. आमच्या वाडीतली पोरं दगडी गडग्यावर बसून बघायची. त्यांनी कधी आत बोलावलं नाही, आम्ही गेलो नाही. नुसतं बघून पाय शिकले. आता या वयात कशाला?"

साधनाने तिला माहीत होतं तेवढंच सांगितलं.

"आत्माराम आजोबांचा बोटीचा कागद आमच्या घरी आहे. जातीच्या रकान्यात कारकुनाने काहीतरी खरडलंय. अक्षर लागत नाही, आणि कुणी लावायलाही गेलं नाही. घरच्या झाकरीत एकच विचारतात, चाळ आहेत का? नसले तर देतात." तिने कप बाजूला सारला. "मला चौथा माणूस हवाय, दादा. शुक्रवारपर्यंत."

"आल्झो, चला तर," म्हणत सुखदेव उठला आणि सोफा भिंतीकडे ढकलू लागला. "बघत काय बसलात? उचला की! लोखंडाचा आहे मेला."

ड्रेस्डेनमध्ये चाळ कुठून मिळणार? क्षमाने ख्रिसमसच्या झाडाच्या घंटा मोज्यांना शिवल्या. सोफा सरकवूनही जागा अर्ध्या गोलाचीच झाली, म्हणून तालीमही अर्ध्या गोलाचीच.

कार्यक्रमाच्या दिवशी सूत्रसंचालकाने "माउरिट्सिउस!" पुकारलं आणि मागच्या पडद्यावर लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चार पट्ट्यांचा झेंडा झळकला. साधनाने गाणं सुरू केलं. डोडो आला, गेला. फूल उमललं. मग पूर्ण गोल फिरायची वेळ आली. सुखदेव जोशात उजवीकडे वळला, साधना डावीकडे, आणि दोघं धाडकन एकमेकांवर आदळले.

"पापा, फाल्श!" बाबांची चूक दाखवत क्रांती किंचाळली.

प्रेक्षकांना वाटलं, हाही नाचाचाच भाग. हशा उसळला, टाळ्या पडल्या, मग बाकांवर ठोके सुरू झाले. "त्सुगाबे! माउरिट्सिउस, त्सुगाबे!" अख्खं सभागृह पुन्हा एकदा मागत होतं, आणि तिच्या देशाचं नाव घेऊन मागत होतं.

सुखदेव घामेजलेला, चष्मा तिरका, पण गोलातली जागा सोडायचं नाव नव्हतं. "आधी ठरव बाई, कुठून फिरायचं. माझ्या गावासारखं की तुझ्या देशासारखं?"

"माझ्या देशासारखं," साधना धापा टाकत म्हणाली. "डावीकडून."

"गेनाऊ, बरोब्बर," म्हणत त्याने डावा पाय उचलला.