काढायची होती ती गादी मी नव्हे

मित्रांनो, मुदखेडच्या सरजाबाईंच्या घरातली कापसाची जुनी गादी ती मीच. वय विचाराल तर सव्वीस. बाईंची लेक प्रियदर्शनी पोटात होती तेव्हा बाईंनी मला शिवलं. गाद्या शिवणं हाच त्यांचा धंदा. पिंजून आणलेला कापूस खोळीत भरायचा, काठीनं झोडून सारखा करायचा आणि दाभणात जाड दोरा ओवून आरपार टाके घालायचे. टाका पक्का असला की कापूस जागचा हलत नाही. गादी घ्यावी तर सरजाबाईच्या टाक्याची, असं गावात म्हणत. ते ऐकून मी फुगायची. गादीनं फुगायचं नाही तर कुणी?

माझ्यावर प्रियदर्शनी रांगली, गोवरात तापली, पुढं पुस्तकं पसरून मास्तरीण झाली. पाहुणे माझ्यावर घोरले, चहा सांडला. मी कधी कुरकुरले नाही.

मागच्या हिवाळ्यात सरजाबाईंची मान धरली. चौतीस वर्षं मान खाली घालून टाके घातलेली बाई ती. त्यांनी शेक घेतला, मानेला पट्टा बांधला, सांगितलेले व्यायाम दीड महिना नेमानं केले. पण उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, मग हातातून दाभण गळू लागलं. एका सकाळी त्यांना पोलक्याचं बटण लावता येईना. ते ग्यानोबांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं लावलं. हात गेला तर बाईंचं सगळंच गेलं, हे मलासुद्धा कळत होतं.

प्रियदर्शनी लातूरच्या शाळेत शिकवते. ती रजा घेऊन आली, आईला नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेली आणि तिथूनच तिनं फोन केला, "बाबा, गादी सरकलीय. डॉक्टर म्हणले, काढून टाकावी लागंल."

इथं घात झाला. ग्यानोबा रेल्वेत गँगमन होते. आलेला हुकूम पाळायचा, उलट विचारायचं नाही, ही जन्माची सवय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हाव, लई जुनी झाली," म्हणाले आणि मला गुंडाळून अंगणातल्या सरपणावर टाकून आले. एक काटकी घुसली आणि माझे दोन टाके तटकन तुटले. पण टाक्यांपेक्षा मनाला जास्त लागलं. बाईंची मान माझ्यामुळंच गेली, असं मला खरंच वाटलं.

मायलेकी घरी आल्या. सरजाबाईंनी विचारलं, "माझी गादी कुठं हाय?"

"तुम्हीच तर काढायला लावली."

बाई हसत सुटल्या आणि कळ आली म्हणून मान धरून खाली बसल्या. "अवो, ही न्हाई. मानेतली. दोन मणक्यांच्या मधी असती ती."

"मग डॉक्टरनं तिला दुसरं नाव ठिवावं की," ग्यानोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला उन्हात अंथरून तिघं माझ्यावर बसले. प्रियदर्शनीनं एमआरआयची फिल्म उजेडात धरली. सरजाबाईंनी ती नीट न्याहाळली. "खोळ फाटून कापूस भायर आलाय. अन् ह्या नसंवर दाबून राहिलाय. आसंच ना?"

"माय, हेच सांगायला डॉक्टरांना अर्धा तास लागला."

मग खल सुरू झाला. ग्यानोबांना ऑपरेशनच नको होतं. कुणी एक जण मान झटकून बरी करतो, असं त्यांनी ऐकलं होतं.

"फाटल्या गादीला वरून थापटलं तर कापूस आत जातो का?" बाईंनी विचारलं. ग्यानोबांनी तो विषय सोडला.

प्रियदर्शनीनं वही काढली. पुष्कळांची मान ऑपरेशनशिवाय बरी होते, पण हातातलं बळ कमी होत चाललं असेल तर थांबू नये, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशनच्या रीती दोन. गळ्याच्या पुढून चीर देऊन खराब गादी काढायची आणि दोन्ही मणके एकमेकांना जोडून टाकायचे. त्यानं मान थोडी कमी वळते आणि वरखालच्या गाद्यांवर भार येतो. नाहीतर त्या जागी बनावट गादी बसवायची, म्हणजे मान वळत राहते. बाईंना साहजिकच नवी कोरी गादी आवडली. तरी त्या म्हणाल्या, "आणखी एकाला विचारू. गिऱ्हाईक माझ्याकडं चार गाद्या दाबून बघतं, तवा एक घेतं."

लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडं जाताना सरजाबाईंनी पिशवीत दाभण, दोरा आणि गादीचा तुकडा नेला. आपलं काम तोंडानं सांगण्याऐवजी त्या तिथं फरशीवरच बसल्या आणि शिवून दाखवू लागल्या. तिसऱ्या टाक्याला दाभण गळलं. डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून त्यांच्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मानेचे सांधे झिजलेत. त्यात बनावट गादी नीट चालणार नाही. मणके जोडून घ्या, आणि लवकर. दाब निघेल. पण हाताला पहिल्यासारखं बळ येईलच, असा शब्द मी देणार नाही."

घरी येऊन हे सांगताना सरजाबाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "खोटा शब्द दिला न्हाई, म्हणून तिच्याच हातानं करायचं," त्या म्हणाल्या. अशी शहाणी बाई माझी आई आहे, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

ऑपरेशन झालं. कळ लवकर गेली, मुंग्या हळूहळू. हात मात्र रुसूनच होता. त्या रोज रबरी चेंडू दाबायच्या. माझे तुटलेले टाके ग्यानोबा घालू बघत, तर बाई त्यांना हात लावू देत नसत.

चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी शिवायला होकार दिला. आता मान वाकवायची नव्हती, म्हणून ग्यानोबांनी मला उंच टेबलावर ठेवलं. बाईंनी दाभण घेतलं. ते गळलं. ग्यानोबांनी उचलून दिलं. पुन्हा गळलं, पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा ते माझ्या आरपार गेलं, बाईंनी दोरा ओढला आणि गाठ बसली. टाका वाकडा पडला होता. ग्यानोबा त्यावरून बोट फिरवत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, माझ्या अंगावर सरळ टाके पुष्कळ आहेत. मिरवते मी तो वाकडाच. तुमच्या घरात कुणाच्या हातातून वस्तू गळू लागल्या तर हसू नका, थांबू नका, त्यांना डॉक्टरांकडं न्या. मनातलं सगळं विचारा, दोन ठिकाणी विचारा. आणि गादी काढून टाका असं कुणी म्हणालं, तर कृपा करून आधी विचारा, कोणती?