गोजरबाईची गिरकी

देवळाली प्रवरेच्या गोजरबाईनं लग्न होऊन आल्यापासून सासूला कधी पाठ दाखवली नव्हती. चहा ठेवायचा, पाया पडायचं आणि उलट्या पावलांनी माघारी यायचं; उंबरा, जातं, झोपलेलं मांजर, सगळं न बघता ओलांडत. दळताना ती गायची,

सासूच्या गं म्होरं कधी केली नाही पाठ
उलट्या पावलांना माझ्या घराची ठावी वाट

पंचेचाळिशी आली, स्वतःची लेक नांदायला गेली, तरी रीत सुटली नाही.

एकाहत्तर साली ऊस कारखान्याला गेला, रान मोकळं झालं. त्या दिवसांत ती मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या फिलिप मास्तरांकडं दूध घालायला गेली. अंगणात तबकडी वाजत होती आणि मास्तर आपल्या बायकोला, मरियाबाईला, धरून गोल गोल फिरत होते. मायदेशी परतलेली मिशनची मडम तबकड्यांचा फोनो मागं ठेवून गेली होती, आणि फोनोबरोबर हा नाच. त्याला वॉल्ट्झ म्हणतात, असं मास्तर म्हणाले. गोजरबाई चरवी धरून उभीच राहिली. दूध नासायला आलं.

मरियाबाईनं गमतीनं तिचा हात धरला. या नाचात बाईला मागं मागं जावं लागतं, तेही न बघता; सगळ्या तिथंच अडखळतात. गोजरबाई मात्र पाण्यावरून पान सरकावं तशी गेली. वाटेतल्या कोंबडीचं पीससुद्धा हललं नाही.

तेव्हापासून तिचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. भाकरी थापताना टाच उचलायची, शेण गोळा करताना कंबर डोलायची. शेवटी तिनं नवऱ्याला, सहादेवला, जोडीला या म्हटलं. तो आधी हसला, मग तिच्या तोंडाकडं बघून थांबला. इतक्या वर्षांत ती त्याच्याकडं काही मागायला आलीच नव्हती. तोही शिकायला लागला, नांगरामागं चालल्यासारखा.

बातमी सासूच्या, आक्काबाईच्या, कानावर गेलीच. आता म्हातारी घर डोक्यावर घेणार, असं सगळ्यांना वाटलं. तिनं तंबाखू मळली आणि म्हणाली, "नाचायचं तर नाचा. पर माझ्या डोळ्यांदेखत. चोरून न्हाई."

अंगण सारवलं. फोनो पाट्यावर ठेवला. आक्काबाईची बाज समोर. मागं जाण्यात काहीच अडलं नाही. मग आली गिरकी, आणि गोजरबाईचं अंग लाकूड झालं. फिरायचं म्हणजे सासूला पाठ. सहादेव एकटाच फिरला आणि बैलाच्या गव्हाणीत जाऊन बसला. बैलानं त्याला हुंगून बघितलं.

रोज हेच व्हायला लागलं. शेवटी मास्तरांनी तोड काढली: सून फिरेल तशी सासूही फिरवायची, म्हणजे समोर कायम तोंडच राहील. दीर छगन आणि शेजारचा भिमाजी यांनी बाज उचलली. तबकडी लागली. अंगणात दोन वॉल्ट्झ सुरू झाले, एक माणसांचा, एक बाजेचा. वाटेनं जाणाऱ्यांनी म्हातारीला दवाखान्यात कधी नेताय म्हणून विचारलं. छगनचा ताल चुकला, भिमाजीला घेरी आली, आक्काबाई घसरत पायथ्याला गेली, आणि क्षणभर तिच्या पुढ्यात गोजरबाईची पाठ आली.

गोजरबाई मटकन खाली बसली. "मास्तर, तबकडी काढा. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. ह्या जन्मी तरी न्हाई."

रिकामी सुई खरखरत राहिली. आक्काबाईनं सुनेकडं बराच वेळ बघितलं. मग बाज भिंतीशी ठेवायला लावली, आडवी झाली आणि भिंतीकडं कूस वळवली.

"म्या पाठ केली, गोजरे. सुनंनं करू न्हाई, एवढंच सांगितलंय. सासूचं कुणी काय सांगितलं न्हाई. फिर आता."

सहादेव म्हणाला, "आये, डोळ्यांदेखत म्हणली हुतीस नव्हं?"

म्हातारीनं हात लांब केला. उशाचा पितळी तांब्या तेवढा तिनं तोंडासमोर सरकवून घेतला.

गोजरबाई उठली. पदर खोचला. मग तिचं तिलाच कळलं नाही कसं, ती फिरली. जात्याच्या वरच्या तळीसारखी, जड आणि अलगद. सहादेव तिच्याभोवती की ती त्याच्याभोवती, कुणाला सांगता आलं नसतं. गोधडीबाहेर आलेला आक्काबाईचा अंगठा ताल धरून होता.

दुसऱ्या सकाळी गोजरबाई चहा ठेवून, पाया पडून, उलट्या पावलांनी निघाली, तर सासूनं तांब्या पुढं केला. "चिंचेनं घास जरा," म्हणाली. "डाव्या अंगाला गेलात की दोघं धुरकट दिसताय."