कोट घेऊन चला

“जॉर्ज, साहेबांनी बोलावलंय. कोट घेऊन चल.”

जगन्नाथ शेवडे हे वाक्य इतक्या हळू म्हणायचे, की शेजारच्या टेबलालाही ऐकू जाऊ नये. ऐकू मात्र हॉलभर जायचं. पेन्सिली थांबायच्या, कुणीतरी उगाच खोकायचं. जॉर्ज उठला. दाराशेजारच्या खुंटीवरून त्यानं कोट काढला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला. तिथून मागच्या दारानं थेट पार्किंगमध्ये. त्याचा थर्मास, चष्म्याचं घर, नातीचा फोटो, सगळं टेबलावर तसंच राहिलं. ते खोक्यात भरून त्याच्या घरी पोचवायचं कामही शेवड्यांचंच होतं.

कोट कशासाठी, तर माणूस परत टेबलाशी येऊ नये म्हणून. आला की रडतो, चार लोकांना भेटतो, सगळ्यांचा अर्धा दिवस वाया जातो. उन्हाळ्यात खुंटीवर कोट नसला तरी वाक्य तेच. ही युक्ती साहेबांची नव्हती. ती कोच हॅलोरनची.

कोच व्हर्न हॅलोरन म्हणजे अमेरिकेतलं दैवत. तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून एकमेकांवर रेड्यासारखं धडकायचं. त्या धडकाधडकीत या माणसानं आपला संघ वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोक्यावर बसवून ठेवला होता. त्याची वाक्यं कंपन्यांच्या भिंतींवर चौकटीत लागली, सेल्समन त्याच्या भाषणांच्या कॅसेट गाडीत लावू लागले. डेट्रॉइटजवळ नोव्हायला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या या कंपनीतले स्टोव्हॉलसाहेब तर स्वतःला त्याचे थेट चेले म्हणवत. म्हणजे तरुणपणी ते त्या संघात जेमतेम शिरले होते, आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी नाश्ता करताना त्यांच्या खांद्यावर हात पडला होता: कोचनं बोलावलंय, कोट घेऊन चल.

या गोष्टीचा साहेबांना जन्मभर अभिमान. “कोचनं मला दोन मिनिटांत हाकललं,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “आणि त्या दोन मिनिटांनी मला घडवलं!” लोक आपल्या लग्नाची आठवणही इतक्या प्रेमानं सांगत नाहीत.

एक्याऐंशी साली मंदी आली. जपानी गाड्यांनी डेट्रॉइटच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. माणसं कमी करायची ठरली, तेव्हा साहेबांना कोचकडे होता तसा एक निरोप्या हवासा वाटला. त्यांनी शेवड्यांना निवडलं. “जॅग, तुझ्या तोंडून ऐकलं की वाईट वाटत नाही,” म्हणाले. सांगलीहून आलेला हा ड्राफ्ट्समन, इतकी वर्षं मान खाली घालून रेघा ओढत आलेला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर पहिल्यांदाच हात ठेवला आणि शेवडे हरखून गेले. खोटं कशाला बोला, कुणीही हरखलं असतं. घरी सुमित्राबाईंनी शिरा केला. महाराष्ट्र मंडळात सांगितलं, “साहेबांचं आता यांच्यावाचून पान हलत नाही.”

खरं काय ते मंडळाला कळायला वेळ लागला नाही. गणपतीत शाळेच्या जिममध्ये जेवणं चालली होती. शेवडे पुऱ्यांचं ताट घेऊन आले, तशी गप्पा मारणारी माणसं एकदम गप्प झाली. मग कुणीतरी म्हणालं, “शेवडे आले यार, कोट सांभाळा!” सगळे हसले. बायकांच्या रांगेतून सरला हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो तिचा नवरा प्रल्हाद.

प्रल्हाद देवतळे याच कंपनीतला तरुण इंजिनिअर. त्याला शेवड्यांनीच शब्द टाकून चिकटवलं होतं. हा पठ्ठ्या भर जानेवारीत पातळ स्वेटर घालून नागपूरहून येऊन विमानतळावर उतरला, तेव्हा शेवड्यांनी अंगातला तपकिरी कोट काढून त्याला घातला होता आणि स्वतः कुडकुडत गाडीपर्यंत गेले होते. पुढे सरला आली, मुलगी झाली, पगार वाढला, पण प्रल्हाद दर हिवाळ्यात तोच कोट घालायचा. “भाऊंचा कोट आहे, लकी आहे,” म्हणायचा. त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद कंपनीमार्फत चालले होते. नोकरी गेली की कागद गेले, आणि कागद गेले की नागपूर.

फेब्रुवारीत कोच हॅलोरन वारला. त्याच्या आठवणीसाठी मोठं जेवण ठेवलं होतं. गाडी चालवायला म्हणून साहेबांनी शेवड्यांना बरोबर नेलं.

हॉलभर एकेकाळचे खेळाडू होते. कुणाचा गुडघा वाकत नव्हता, कुणाच्या हातातला चमचा थरथरत होता. एक आडदांड माणूस शेजारी बसलेल्या बायकोला पुन्हापुन्हा विचारत होता, “बाई, आपण कोण?” आणि हे सगळे कोचसाठी ओक्साबोक्शी रडत होते.

स्वयंपाकघराच्या दाराशी एका टेबलावर एक म्हातारा एकटाच जेवत होता. साहेबांना तो दिसला.

“एड! मला नाश्त्यावरून तूच उठवलं होतंस, आठवतं का? आणि हा बघ, हा माझा एड!” असं म्हणून त्यांनी शेवड्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ते फोटो काढून घ्यायला निघून गेले. म्हाताऱ्याशी हात काही त्यांनी मिळवला नाही.

एडनं पायानं खुर्ची सरकवली. “बस. इथं दुसरं कुणी येत नाही.”

शेवडे बसले. त्यांना राहवेना. “यांना कोचचा राग कसा येत नाही? काढलं तर त्यांनीच ना?”

“कोचनं कधी कुणाला काढलं नाही,” एड म्हणाला. “पोरगं आत गेलं की कोच उठून मिठी मारायचा. म्हणायचा, तू मला मुलासारखा. काढायचो मी, नाश्त्याच्या टेबलावर. यांना कोचची मिठी आठवते आणि माझं तोंड आठवतं.” त्यानं कोंबडीचा तुकडा नीट कापला. “माझी बायको गेली तेव्हा चर्चमध्ये पाळक होता आणि मी होतो.”

“तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत?”

“कोचला?” एडला खरंच हसू आलं. “कोचला नाही म्हटलं की कोट आपला.”

परतीच्या वाटेवर साहेब शेजारी घोरत होते. शेवड्यांनी गाडी चालवता चालवता ठरवलं, बास झालं. यापुढे हा निरोप घेऊन हे तोंड कुणाला दाखवायचं नाही.

सोमवारी साहेबांनी बोलावलं आणि सांगितलं, “आज प्रल्हाद.”

“सर, तो नको. त्याचे कागद अजून...”

“म्हणूनच तू सांग. तुमच्या भाषेत सांग, त्याला बरं वाटेल.”

“मी नाही सांगणार.”

हे शेवडे बोलले. खरोखर बोलले. अमेरिकेत आल्यापासून साहेबाला ‘नाही’ ते पहिल्यांदाच म्हणाले होते आणि त्यांचा त्यांनाच धक्का बसला.

साहेब मुळीच रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची फिरवली आणि काचेतून खुंट्यांच्या रांगेकडे पाहिलं. “त्यातला तुझा कोणता, जॅग?”

शेवड्यांनी आपल्या काळ्या कोटाकडे पाहिलं. मुलीचं, दीपाचं, कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. घर अजून बँकेचंच होतं. पन्नाशीच्या ड्राफ्ट्समनला या मंदीत कोण दारात उभं करणार? मग ते वळले आणि प्रल्हादच्या टेबलापाशी गेले.

“प्रल्हाद.”

“बोला भाऊ.” तो मान खाली घालून काम करत होता.

“साहेबांनी बोलावलंय. कोट घेऊन चल.”

प्रल्हाद खो खो हसला. “काय मजाक करून राहिले भाऊ! गणपतीतला जोक अजून चालूच आहे का?”

शेवडे हसले नाहीत. प्रल्हादचं हसू गेलं, तोंड मात्र तसंच उघडं राहिलं. “भाऊ,” तो म्हणाला, “सरलाला काय सांगू?”

खुंटीपाशी प्रल्हादला कोटाची बाही सापडेना, तेव्हा शेवड्यांनी कोट मागून धरला, विमानतळावर धरला होता तसाच, आणि त्यानं त्यात मुकाट्यानं हात घातले.

केबिनच्या काचेतून सगळं दिसत होतं. साहेबांनी उठून प्रल्हादला मिठी मारली. प्रल्हाद त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

मार्च संपता संपता देवतळे निघाले. आदल्या संध्याकाळी सुमित्राबाईंनी प्रवासासाठी दशम्या केल्या, डबा भरला आणि नवऱ्यासमोर ठेवला.

“तू येत नाहीस?” शेवड्यांनी विचारलं.

“डबा मी दिलाय. तोंड तुमचं तुम्ही न्या.”

बाहेर हिवाळ्यातला शेवटचा बर्फ पडत होता. दार सरलानं उघडलं. नेहमीसारखा त्यांचा कोट काढून घेतला, आत नेऊन ठेवला, चहा टाकला. खुर्च्या विकून झाल्या होत्या. बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये सतरंजीवर प्रल्हाद बसला होता. तो बोलत होता, पण शेवड्यांकडे बघत नव्हता.

“साहेब मोठ्या मनाचा माणूस हो. फर्स्ट क्लास रेकमेंडेशन दिलं. किती वाईट वाटलं त्यांना! मला म्हणाले, यू आर लाइक अ सन टू मी.”

शेवड्यांनी कप खाली ठेवला. “प्रल्हाद,” ते म्हणाले, “मी त्यांना नाही म्हणालो होतो रे. आधी नाहीच म्हणालो होतो.”

प्रल्हाद सतरंजीची दशी ओढत राहिला.

“हो का,” सरला म्हणाली.

तिनं कपबश्या उचलल्या. दशम्यांचा डबा ओट्यावर होता, त्याचं झाकण काही तिनं काढलं नाही. मग ती आत गेली आणि हातावर कोट घेऊन आली. एक नव्हे, दोन. खाली काळा आणि वर तपकिरी, इस्त्री करून, गुंडी लावून.

“भाऊजी,” ती म्हणाली. आवाज इतका हळू, की आत झोपलेल्या मुलीलाही ऐकू जाऊ नये. “कोट घेऊन चला.”

शेवडे उठले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तिनं कोट त्यांच्या हातांवर ठेवले.

“हा एक तुमचा आमच्याकडे राहिला होता. नागपूरला काय कामाचा?”

दार लागलं. थोड्या वेळानं पायरीवरचा दिवाही विझला. दोन कोट हातावर घेऊन शेवडे बर्फात उभे होते, आणि त्यातला एकही अंगात घालायचा त्यांना धीर झाला नाही. ते तसेच कुडकुडत गाडीपर्यंत गेले.