दुरुस्तीचा तास

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पाढे म्हणायला लागाल. घाटकोपरच्या भटवाडीत 'दैनिक पूर्वपट्टा' या वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर, दाराच्या डाव्या हाताला, मी चौतीस वर्षं टांगलेला आहे. रोज सकाळी माझ्यावर खडूनं पाच बातम्या लिहिल्या जात. ज्यांना पेपर विकत घेणं जमत नसे, ते मला वाचून कामाला जात. मित्रांनो, गेल्या आठवड्यात माझ्या अंगावर पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं लिहिलं गेलं. ते मला अजून खुपतं आहे, म्हणून तुम्हाला सगळं सांगतो.

माझा जन्म विक्रोळीचा. तिथल्या एका कारखान्यात मोठमोठी यंत्रं लाकडी खोक्यांतून येत. त्या खोक्यांच्या फळ्या जोडून एका सुतारानं मला केलं. रंधा मारूनही माझ्या पाठीवर एक बाण राहिला आणि त्याखाली 'ही बाजू वर' असा इंग्रजी शिक्का. सुतार घाईत होता, त्यानं मला उलटाच ठोकला. त्यामुळे सारा जन्म मी शीर्षासनात काढला आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दर वर्षी खंडेनवमीच्या आधी मला काळा रंग मिळे, झेंडूचा हार मिळे, आणि कचेरीतली माणसं छपाईच्या मशीनला हळदकुंकू लावून झालं की मलाही लावत. आमच्या काळात कामाच्या वस्तूला मान होता.

लिहिणारा हात एकच, दत्तारामचा. तो कचेरीतला शिपाई, पण त्याचं अक्षर असं की संपादकानं हेवा करावा. सकाळी सात वाजता तो स्टूल आणायचा, ओल्या फडक्यानं मला पुसायचा, मी वाळेपर्यंत विडी ओढायचा आणि मग लिहायला घ्यायचा. पाणी किती वाजता येणार, दहावीचा निकाल कधी, कुठला रस्ता खोदलाय. या असल्या बातम्यांना कोणी बक्षीस देत नाही, पण त्यांच्यावर लोकांचा दिवस चालतो.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका पावसाळ्यात टेकडीवरच्या चाळीवर दरड कोसळली. संपादक श्यामकांत दिघे यांनी इस्पितळातून आलेली यादी जशीच्या तशी फळ्यावर द्यायला सांगितली. वॉर्डात जाऊन स्वतः बघितलं नाही. त्या यादीत मृतांमध्ये विमला तावडे हे नाव होतं. विमलाच्या भावानं माझ्यावर ते वाचलं आणि गावी कळवलं. गावाकडच्यांनी सुतकाची आंघोळ केली, घरात चूल पेटली नाही. इकडे विमला पायाला प्लास्टर घालून चहा मागत होती.

दुसऱ्या दिवशी दिघेसाहेब स्वतः स्टुलावर चढले. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यांनी लिहिलं, 'विमला तावडे हयात आहेत. काल खोटी बातमी दिली. चूक माझी.' खाली सही केली आणि माझ्याशेजारी तासभर उभे राहिले. विमलाचा भाऊ आला, नको नको ते बोलला. साहेबांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्या दिवसापासून कचेरीचा नियमच झाला. ज्याची चूक त्यानं दुरुस्ती स्वतःच्या हातानं लिहायची, चुकीइतक्याच मोठ्या अक्षरांत, आणि तासभर फळ्याशेजारी उभं राहून विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं. चौतीस वर्षांत असे अकरा तास झाले. साहेब गेले, नियम राहिला.

मंगळवारी दुपारी मालकांचा मॅनेजर सौरभ आला. मी खिडकीला लागून आहे, त्यामुळे आतलं ऐकू येतं. चहाड्या करण्याचा माझा स्वभाव नाही, पण कान बंद करायला मला हातही नाहीत. तो म्हणाला, "उद्यापासून पेपर बंद. कायमचा. पण आठवडाभर कोणी कुठे बोलायचं नाही. जागेचा सौदा व्हायचाय. बोंबाबोंब झाली तर घेणारा मागे फिरेल." मग त्यानं एक यादी वाचली. मालकांची नवी वेबसाइट निघणार होती, तिथे चौघांना घेणार होते. गप्प राहतील त्या चौघांना. पहिलं नाव गंधाली कर्णिकचं होतं.

गंधाली ही आमची मुख्य उपसंपादक. पंचेचाळिशीची, मुलुंडची. मुलगी निधी बारावीला, नवऱ्याची नोकरी दीड वर्षापूर्वी सुटलेली, घर हिच्या पगारावर. वीस वर्षं ती या दारातून आत जाताना मला एकदा वाचून जायची आणि काना-मात्रा चुकला असेल तर दत्तारामला हाक मारायची. त्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"काका, लिहा. तांत्रिक कारणास्तव उद्यापासून काही दिवस अंक निघणार नाही."

"ताई, मशीन तर चालू आहे," दत्ताराम म्हणाला.

"लिहा ना, काका."

त्यानं लिहिलं. त्याच्या हातून अक्षर कधी वाकडं येत नसे, त्या दिवशी शेवटचा शब्द खाली घसरला. मी फळाच. पण खरं सांगतो, पुसून टाका म्हणून ओरडावंसं वाटलं.

बुधवारी अंक नाही, तरी माणसं कचेरीत आलीच. दुसरं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. एक वार्ताहर वॉर्डच्या बैठकीला जाऊन सहा पानं टिपणं घेऊन आला आणि ती कुणाला द्यावी ते न कळून खिशात घालून घरी गेला. फोटोग्राफर नितेश पायरीवर बसून एकच लेन्स पुसत राहिला. संध्याकाळी एकेक जण बाहेर पडू लागला. कुणाच्या हातात चहाचा मग, कुणाच्या काखेत खुर्चीवरची उशी, एकाच्या पिशवीत शब्दकोश. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

आणि गुरुवारी सकाळी पालव आले. पार्कसाइटला राहणारे सत्तरीचे गृहस्थ, मूळचे मालवणकडचे, विक्रोळीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर. खांद्यावर हत्यारांची पिशवी. त्यांनी मला वाचलं, पिशवी खाली ठेवली आणि दारात उभ्या गंधालीला म्हणाले, "तांत्रिक बिघाड ना? मशीन खंय आसा? बघूया तरी."

गंधालीनं त्या पिशवीकडे बघितलं. "काका, बाहेरून माणूस आलाय. बघतोय तो."

"आजकालची पोरं पार्ट बदलूकच सांगतत. दुरुस्त करीत नाहीत," पालव म्हणाले. "माका पैशे नको हत. रोजचो पेपर आमचो. आज त्याका जमाक नाय तर मी उद्या येतंय."

पिशवी उचलून ते निघाले. पिशवी जड होती, दोनदा खांदा बदलला. गंधाली ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली. मग ती पायरीवर बसली आणि दत्तारामला म्हणाली, "काका, माझी वाट लागली. घर बघू की हे बघू?"

शुक्रवारी साडेसातला ती आली. कचेरीला कुलूप होतं, स्टूल आत. माझ्याखाली भाजीची पाटी मांडून बसणाऱ्या सुंदराबाईकडून तिनं रिकामा क्रेट मागितला आणि उलटा घातला. दत्ताराम फडकं भिजवूनच उभा होता.

"मी लिहितो," तो म्हणाला. "अक्षर माझं होतं."

"शब्द माझे होते, काका. तुम्ही क्रेट धरा."

खडूनं लिहायची तिला सवय नव्हती. खडू दोनदा मोडला.

'दुरुस्ती. मंगळवारी या फळ्यावर तांत्रिक कारण लिहिलं होतं. ते खोटं होतं. दैनिक पूर्वपट्टा कायमचं बंद झालं आहे. हे मला माहीत होतं. चूक माझी. गंधाली कर्णिक.'

खाली उतरून तिनं घड्याळ पाहिलं. सात पन्नास. म्हणजे आठ पन्नासपर्यंत. ती माझ्या डाव्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पहिली दहा मिनिटं कोणी आलंच नाही आणि ती सर्वांत वाईट होती. मग एक जण थांबला, मग चार, मग रिक्षावाल्यांचा घोळका. एकानं विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "नोकरी मिळणार होती म्हणून." एक बाई म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांपासून पेपर घेतो आम्ही. एक शब्द नाही सांगितलात." गंधाली म्हणाली, "हो. चुकलंच." एका तरुणानं मोबाइलवर माझा फोटो काढला. आता हे मॅनेजरपर्यंत पोचणार, हे तिलाही कळलं, मलाही.

सव्वाआठच्या सुमारास पालव आले. खांद्यावर पिशवी होतीच. त्यांनी डोळे बारीक करून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

"काय गो बाय," ते म्हणाले, "माका फसयलंस?"

गंधालीनं होकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलं नाही.

"आमचो कारखानो बंद पडलो," पालव सगळ्यांकडे बघत म्हणाले, "तेव्हा गेटार कोणी काय सांगूक तयार नव्हतो. मेन्टेनन्स चालू आसा, म्हणी. ह्या फळ्यार आमी खरा काय ता वाचला. दिघेसायबान लिवला होता. रडलंव, पण फसलंव नाय." मग ते तिच्याकडे वळले. "दोन दिस पिशवी घेऊन येतंय मी. माझी बायल माका येडो म्हणता."

ती म्हणाली, "मला माफ करा, काका."

"माफीचा मागसून बघूया," ते म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. गेले मात्र नाहीत.

आठ अडतीसला गंधालीचा फोन वाजला. ती मला इतकी टेकून उभी होती की सौरभचा आवाज मलाही ऐकू आला.

"मॅडम, फोटो आलाय माझ्याकडे. मालकांनी अजून बघितलेला नाही. आत्ताच्या आत्ता पुसा. तुम्ही पुसा, मी काही बघितलं नाही. सोमवारी जॉइन व्हा."

दत्तारामच्या हातात ओलं फडकं होतं. गंधालीनं त्याच्याकडे बघितलं. मित्रांनो, मला पुसायला किती वेळ लागतो? एक हात इकडून तिकडे फिरवला की झालं. चौतीस वर्षांत मी हजारो वेळा पुसला गेलो आणि कधी घाबरलो नाही. त्या वेळी घाबरलो. तिच्या घरी निधी होती, घरी बसलेला नवरा होता, आणि माझ्याकडे तिला द्यायला काहीही नव्हतं.

"सौरभ," ती म्हणाली, "अजून बारा मिनिटं आहेत."

"कसली बारा मिनिटं?"

"तुम्हाला नाही समजायचं."

"मग यादीतून नाव गेलं असं समजा."

"समजले."

तिनं फोन हातातच धरून ठेवला. पालवांनी पायरीवर सरकून जागा केली आणि तिला बसायची खूण केली. तिनं नकार दिला. नियम उभं राहायचा होता.

सुंदराबाई तेव्हा बोलली. क्रेट दिल्यामुळे ती जमिनीवर बसून भाजी विकत होती. "ते सगळं झालं, ताई. पण उद्या पाणी हाय का नाय? कोण बोलतो चोवीस तास बंद, कोण बोलतो येनार. आता आमाला कोण सांगनार?"

"थांब, विचारून सांगते," गंधाली म्हणाली. सवयीनंच. वीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. तिनं पालिकेच्या पाणीखात्यातल्या माणसाला फोन लावला. "नमस्कार, पूर्वपट्टातून..." आणि ती थांबली. समोर सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. पलीकडून 'हॅलो, हॅलो' चाललं होतं.

"गंधाली बोलतेय," ती म्हणाली. "भटवाडीतून."

पलीकडच्या माणसानं कोण, कुठली, काही विचारलं नाही. माहिती दिली. गंधाली क्रेटवर चढली आणि दुरुस्तीच्या खाली उरलेल्या जागेत लिहिलं, 'उद्या, शनिवारी, पाणी पहाटे पाच ते सहा. एकच तास. भरून ठेवा.' ती उतरली तेव्हा नऊ वाजून गेले होते. तास कधी संपला ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

तिची नोकरी गेली ती गेलीच. अजून दुसरी मिळालेली नाही, हे मी लपवणार नाही. जागेचा सौदा झाला की ही भिंत पडेल आणि मी कुठे जाईन, ते मला ठाऊक नाही. भंगारवाला मला दोनदा ठोकून बघून गेला आहे. मित्रांनो, तुमच्या भागात असा एखादा फळा असेल तर त्याला ओल्या भिंतीला टेकवू नका, वर्षातून एकदा काळा रंग द्या, एवढी माझी विनवणी आहे. आणि चार लोकांनी वाचावं म्हणून तुम्ही काही लिहाल, मग ते खडूनं लिहा नाहीतर मोबाइलवर, तेव्हा स्वतः जाऊन बघा, विचारा, आणि मगच लिहा. लोक त्यावर बादल्या भरतात.

शनिवारी पाणी पाचला आलं आणि सहाला गेलं.