लाल गाडीचं अस्तर

इंजिन पुढं असतंय, हे शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय. पण आमच्या ह्यांनी हौसेनं घेतलेल्या गाडीचं इंजिन मागं, सीटच्या अगदी पाठीला लागून. चावी फिरवली की कानामागं पिठाची गिरणी चालू! सीटा दोनच, अन् गाडी इतकी बुटकी की बसायचं म्हणजे देवाचं नाव घेऊन आत पडायचं. वाळूजला कंपनीत आलेल्या कुण्या विदेशी साहेबाची ही गाडी. तो मायदेशी गेला अन् ही एका शेडमधी कित्येक वर्षं गंजत पडली. ह्यांनी ती घेतली, स्वतःच्या हातानं उभी केली अन् हर्सूलच्या आमच्या अंगणात आणून लावली. मला म्हणले, "मुक्ता, कशी हाय?" मी म्हणलं, "लाल हाय."

ह्यांचं नाव साहेबराव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतेत, मी खुशाल घेते. बजाजनगरात राहायचो तवापासून ह्यांचं काम इंजिन तपासायचं. दिवसभर त्या ढणढणाटात उभं राहायचं अन् आवाजावरून आतला बिघाड सांगायचा. साहेबराव मशीनची नाडी बघतेत, असं लोक म्हणायचे. पण त्याच कामानं कान खाल्ले. मी ह्यांना चहाला हाक मारायची अन् शेजारच्या मनकर्णाबाई कप घेऊन दारात! हे मात्र जागचे हलायचे नाय.

डॉक्टरांनी बजावलं, उरलेले कान जपा, मोठ्या आवाजात बसू नका. आमची लेक अपेक्षा पुण्याला असते. तिला हे कळलं तशी तिनं फोनवर निकालच लावला. "पप्पा, गाडी विका. गिऱ्हाईक मी बघते."

हे ताटातली भाकरी तशीच ठेवून अंगणात गेले अन् गाडीजवळ उभे राहिले. मला लई वाईट वाटलं. गाडी गेली तर हा माणूस आतून खचणार, अन् गाडी राहिली तर कान जाणार. दोन्हीकडून माझंच नुकसान, सांगा कुणाला!

दुसऱ्या दिवशी ह्यांनीच लेकीला फोन लावला. "मला दसऱ्यापर्यंत वेळ दे. गाडीला गप करतो."

अपेक्षा बापावर गेलेली, तिनं बी अट घातली. "फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप असतं. दसऱ्याला येते. काटा लाल झाला तर विकायची."

"चालतंय," हे म्हणले.

सीट अन् इंजिनाच्या मधी एक पत्रा असतोय. त्याला इंजिनाच्या बाजूनं अस्तर लावतेत, आवाज अन् गरमी अडवायला. मूळचं अस्तर पार सडलं होतं. बोट लावलं की भुसा गळायचा, अन् भुशात तेल मुरलेलं. ते बघून ह्यांचा चेहराच उतरला. "हे कवाबी पेटलं असतं," म्हणले. मग आडवे पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून खरडत बसले. कशानं? माझ्या उलथन्यानं! मी चांगली ओरडले. ऐकू आलं नाय म्हणले. ते तेवढं सोयीनं.

जुन्या कॅलेंडरच्या पानांवर पत्र्याचं माप उतरवलं, कोपरा न् कोपरा. आधी जड काळी शीट गरम करून चिकटवली, पत्रा थरथरू नये म्हणून. ती दाबायला माझं लाटणं गेलं. तिच्यावर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, अन् नमद्यावर गरमी परतवणारा चंदेरी कागद. हे मधूनच पत्र्यावर टिचकी मारायचे अन् तळहात टेकवून डोळे मिटायचे. कानांनी साथ सोडलेली, तर हा माणूस हातानं ऐकत होता. दारातून बघताना मला भरून यायचं. तोंडानं मात्र म्हणायची, "झोपलात का तिथंच?"

वायरी जायच्या भोकांतून बारीक आवाज आत यायचा. तो ह्यांना कुठला कळायला! मग मला आत बसवायचे अन् इंजिन चालू करायचे. मी बोट दाखवीन तिथं हे रबर बसवायचे. शेवटी आतला आवाज असा खाली आला की मीच गाडीतून उतरून म्हणलं, "जमलं हो!"

अन् मग दसरा उजाडला. आमच्या गल्लीत दसऱ्याला सायकलसुद्धा बिनआंघोळीची राहत नाय. हे बी पहाटे उठले अन् दरवर्षीसारखं बादल्यांवर बादल्या ओतून गाडीला न्हाऊ घातलं. मागच्या झाकणाला फटी असतेत, गरम हवा बाहेर जायला. जुनं सडकं अस्तर होतं तवर आत पाणी गेलं काय अन् नाय काय. आता नवा नमदा ते सगळं पाणी गटागटा प्याला! झेंडूचा हार घातला, लिंबू ठेवलं, अपेक्षा आली, तिच्यासमोर ह्यांनी चावी फिरवली. थोड्या वेळात मागून वाफ निघाली अन् ओल्या घोंगडीसारखा वास सुटला. भिजून जड झालेलं अस्तर सुटून खाली लोंबत होतं. इंजिनाचा आवाज पहिल्यासारखा आत. फोनवरचा काटा लालेलाल.

"अहो, देवाची मूर्ती व्हय ती? अभिषेक घालायला!" माझा तोल गेला. 

अपेक्षा हळूच म्हणाली, "पप्पा, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," हे म्हणले. "चूक माझी हाय. पण दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांब. मग विक, मी चावी तुझ्या हातात देतो."

ती माझ्याकडं बघाय लागली. मी म्हणलं, "दे गं. बाप हाय तुझा."

दुसऱ्याच्या कामातली खोड काढणारी माणसं लई बघितली. पण इतक्या मेहनतीनं केलेलं आपलंच काम आपल्याच हातानं सोलून काढायचं, अन् कपाळावर आठी नाय! पत्रा कोरडा होऊ दिला. पाणी निघून जायची नळी कडुलिंबाच्या पाल्यानं बुजलेली सापडली, ती साफ केली. नव्या अस्तराच्या कडा चंदेरी कागदात दुमडून पट्टीनं अशा बंद केल्या की थेंब शिरायचा नाय, अन् लोंबू नये म्हणून वरून पातळ पट्ट्या स्क्रूनं आवळल्या. असा नवरा मिळायला नशीब लागतंय, हे मी ह्यांना कधी सांगितलं नाय. डोक्यावर बसले असते.

पाडव्याला मी ह्यांना ओवाळलं. अपेक्षानं फोन माझ्या हातात दिला. "मम्मी, तू बस. मी बसले तर पप्पा म्हणतील पोरीनं मुद्दाम काटा हलवला."

निघालो. दौलताबाद मागं पडलं अन् खुलताबादचा घाट लागला. चढाला ह्यांनी गाडी दाबली, इंजिन मागं जोर करत होतं, पण आत आपल्या घरात बसल्यासारखं. काटा हिरव्याच्या पुढं जाईना. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पुढचं वळण काय दाखवील कोण जाणे. या गाडीत बसले की मी आपली मनातलं पुटपुटत असते. त्या आवाजात ऐकणार कोण! तशीच, ह्यांच्या खांद्याला खेटून, ओठातल्या ओठात म्हणाले, "देवा, ह्यांचे कान तेवढे राहू दे. गाडी गेली तर जाऊ दे."

"गाडी कशाला जाऊ दे?"

मी दचकून बघितलं. ह्यांची नजर रस्त्यावर, माझ्या ओठांकडं बघितलंसुद्धा नव्हतं. घरात ओरडून घसा बसतो तरी ज्या माणसाला कळत नाय, त्यानं घाटात, गाडी चढावर असताना माझं पुटपुटणं ऐकलं! फोन मांडीवर पडला अन् मी तोंडाला पदर लावला.

"रडू नको गं," हे म्हणले. "ऐकू येतंय मला."