दादाची पाचर

मित्रांनो, या दवाखान्यात येणारे लोक माझ्यावर ओल्या छत्र्या टांगतात. परवा एकाने तर हेल्मेट अडकवलं आणि दात धरून कण्हत बसला. राग येतो, पण त्यांचंही काय चुकलं? कोपऱ्यात उभा असलेला तीन पायांचा सांगाडा बघून कोणाला वाटणार की याच्या डोक्यावर एकेकाळी सिनेमाचा कॅमेरा बसायचा? मी कॅमेऱ्याची जुनी तिवई आहे. माझ्या डोक्यावरून जे सिनेमे निघाले, त्यांच्यावर आजही याच खोलीत लोक तावातावाने भांडतात. मी ऐकत असते. मला तोंड नाही, हेच माझं दुःख आहे.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. दोन भाऊ त्याच्याकडे आले होते. थोरला कॅमेरा चालवायचा, त्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याच्या डोक्यात सिनेमाचं खूळ होतं. चालायला लागला की तो दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून जग बघायचा आणि दगडधोंड्याला अडखळायचा. दादा मागून त्याची कॉलर धरायचा आणि म्हणायचा, "अरे, आधी पायाखाली बघ, मग सिनेमा बघ."

सुताराने एका मोडक्या दाराच्या चौकटीतून माझे पाय काढले. बाजारातल्या तिवयांचे पाय सरकवून लांब-आखूड करता येतात, माझे येत नाहीत. एकदा केलं ते केलं. रंधा मारून झाल्यावर दादाने मला सपाट फरशीवर उभं केलं आणि माझ्या डोक्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवला. पाणी काठाला समांतर दिसलं तेव्हा तो खूश झाला. दादाची हीच रीत होती. प्रत्येक दृश्याआधी पेला ठेवायचा, पाणी बघायचा, आणि मगच कॅमेरा चढवायचा. बाकीचे लोक हसायचे. "दादा, सिनेमा काढायचाय की पाणपोई घालायचीय?" दादा ढिम्म.

पहिल्याच सिनेमात माझा पाय मोडला. एका इमारतीच्या जिन्यात काम चाललं होतं. धाकटा बोटांच्या चौकटीतून बघत मागे मागे आला आणि थेट मला धडकला. दादाने झेप घेऊन कॅमेरा पोटाशी धरला. कॅमेरा वाचला, मी मात्र गडगडत खालच्या मजल्यावर. उजवा पाय खालून फाटला. धाकटा पांढराफटक पडला होता. दादा त्याच्यावर चिडला नाही. त्याने पायाचा फाटका तुकडा कापून टाकला, स्वतःच्या हातोडीचा दांडा काढून त्या जागी जोडला आणि मेण लावलेल्या दोऱ्याने करकचून बांधला. शेवटची गाठ त्याने दातांनी ओढली. ती गाठ मला अजून आठवते. मोठी, ओबडधोबड, पण घट्ट.

दांडा मात्र बोटभर कमी पडला. मग दादाने जोडासाठी दांड्यातून कापून काढलेल्या लाकडाची एक पाचर तासली. माझ्या आखूड पायाखाली ती सरकवली की पेल्यातलं पाणी सरळ. पाचर कायम त्याच्या सदऱ्याच्या खिशात असे, पेन्सिलीशेजारी. काम सुरू होताना वाकून ती लावायची, संपल्यावर काढून फुंकर मारून खिशात. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे.

एके दिवशी गडबडीत दादा पाचर लावायला विसरला. दृश्य तिरकं आलं. जिना, माणसं, खिडकी, सगळं जरासं कललेलं. दादा कपाळाला हात लावून बसला. धाकटा मात्र पडद्यासमोरून हलेना. म्हणाला, "दादा, हे राहू दे. घरात काहीतरी बिनसलंय हे न सांगता कळतंय बघ."

सिनेमा लागला आणि लोकांनी ते तिरकं दृश्य डोक्यावर घेतलं. धाकट्याचा साहेब झाला. जो तो साहेबांच्या दृष्टीचं कौतुक करू लागला. दादाला त्या कौतुकात आपली चूक ऐकू यायची. तिसऱ्या सिनेमाच्या वेळी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, आज पाचर काढ."

दादा सरळ उभा राहिला. "माझं मोडकं काम जगाला दाखवून तू नाव मिळवणार, होय ना? वाकडं माझं आणि दृष्टी तुझी."

"तसं नाही रे दादा..."

"तसंच आहे. दुसरा माणूस बघ."

त्याने पाचर काढली, फुंकर मारली, खिशात टाकली आणि चालू लागला. साहेब दारापर्यंत धावले, मग तिथेच थांबले. वाटलं असेल, येईल उद्या. दादा आला नाही. दोघेही एकाच आईची लेकरं, एकाहून एक हट्टी. 'तो आला तर मी बोलेन' असं म्हणत दोघांनी आयुष्य काढलं.

मित्रांनो, पुढच्याचा खरा अर्थ फक्त मला ठाऊक आहे. साहेबांकडे चकचकीत नवी तिवई आली, पण ती कधी गोणपाटाबाहेर निघाली नाही. ते मलाच घेऊन फिरले. नवे कॅमेरावाले यायचे, माझा पाय आखूड बघून खाली विटेचा तुकडा नाहीतर कागदाची घडी सरकवायचे. साहेब ती पायाने उडवायचे. एकदा एक कॅमेरावाला वैतागला. म्हणाला, "साहेब, निदान कारण तरी सांगा."

साहेब म्हणाले, "ती जागा माझ्या माणसाची आहे. तो येईल आणि लावील. तोवर वाकडं तर वाकडं."

एवढंच. लोकांना ती शैली वाटली. अहो, कसली शैली? एक माणूस यायचा राहिला होता. काम संपून सगळे निघून गेले की साहेब माझ्याशेजारी स्टुलावर बसायचे आणि बोटाने ती गाठ चाचपायचे. मी त्यांच्या वाट बघण्यातली सोबतीण होते. शेवटच्या सिनेमापर्यंत दादाची जागा रिकामी राहिली, आणि मग साहेबच गेले.

त्यांच्या घरातलं सामान वाटलं गेलं तेव्हा मी या दवाखान्यात आले. हे दातांचे डॉक्टर साहेबांचे भक्त. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या या बाहेरच्या खोलीत मंडळी जमते. दाढांच्या चित्रावर पांढरी चादर टांगतात आणि साहेबांचा एखादा सिनेमा लावतात. एक भूगोलाच्या बाई असतात आणि एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे 'दुर्बीण' म्हणतात, कारण पडद्यावर माशी बसली तरी त्यांना तिच्यात अर्थ दिसतो. ते चक्क कोनमापक घेऊन चादरीपाशी उभे राहतात आणि दृश्य किती कललंय ते मोजतात. सगळी माणसं मनाने चांगली. मी आले त्या दिवशी बाईंनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली होती. इतक्या वर्षांत मला कोणी तसं पुसलं नव्हतं.

पण डॉक्टर पडले दातांचे. वाकडं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. मी एका बाजूला कलते हे त्यांच्या लक्षात आलं. साहेबांचा स्मृतिदिन जवळ आला होता, त्या दिवशी लोकांना मला दाखवायचं ठरलं होतं. "अशी लंगडी कशी दाखवायची?" असं म्हणून ते मला कोणालाही न सांगता सुताराकडे घेऊन गेले. सुताराने दादाचा दांडा गाठीसकट उपटला आणि नवा, घोटीव सागवानी पाय बसवला. मी ओरडले असते हो! जी माणसं दृश्याचा तिरकेपणा कोनमापकाने मोजत होती, त्यांना तो माझ्या पायातून आलाय हे कधी सुचलंच नाही. साहेबांच्या डोक्यातून आला असेल, आकाशातून पडला असेल, पण तिवईच्या पायातून? छे!

स्मृतिदिनाला एक म्हातारा दारात उभा राहिला. काठी, इस्त्रीचा सदरा, खिशात पेन्सिल. मी त्याला पाहताक्षणी ओळखलं.

"काका, आज दवाखाना बंद आहे," डॉक्टर म्हणाले. "फार दुखत असेल तर गोळी देतो."

"दात कधीच गेले," दादा म्हणाला. "इथे तिवई दाखवणार असं कळलं, ती बघायला आलोय."

त्याला पेशंटच्या खुर्चीवर बसवलं. तो लांबून माझ्याकडे बघत राहिला. जवळ यायचा त्याला धीर होत नव्हता. इकडे मंडळींची नेहमीची जुंपली.

"तिरकं दृश्य म्हणजे ढासळता समाज," बाई म्हणाल्या.

"अहो, समाज कसला? जमिनीचा उतार म्हणा, तुमच्या भूगोलात बसेल," डॉक्टर म्हणाले.

"थट्टा नको. मी मोजलंय," दुर्बीण म्हणाले. "पहिल्या तिरक्या दृश्यापासून शेवटच्या सिनेमापर्यंत कल अगदी तेवढाच. तसूभर फरक नाही."

खुर्चीतून दादाने विचारलं, "शेवटच्यातही?"

"शेवटच्यातही!" दुर्बिणींना नवा श्रोता मिळाला. "साहेब त्या बाबतीत फार कडक होते म्हणे. कोणी तिवईखाली काही लावलं तर पायाने उडवायचे. म्हणायचे, ती जागा माझ्या माणसाची आहे, तो येईल आणि लावील."

"'माझा माणूस' म्हणजे सामान्य माणूस," बाई म्हणाल्या. "तोच येऊन समाज सरळ करील, असा त्याचा अर्थ."

दादाने डोळे मिटले. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की धाकटा आपल्या मोडक्या कामाची जगात शोभा करतोय, म्हणून त्याने पुढचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. मी जे सांगायला तडफडत होते, ते या बडबड्या मंडळींनी त्याला सांगून टाकलं. आणि आपण काय सांगितलं याचा त्यांना पत्ताही नव्हता.

डोळे उघडून दादा म्हणाला, "जरा पेलाभर पाणी मिळेल का? अर्धाच द्या."

बाईंना वाटलं, तहान लागली असेल. पेला घेऊन दादा उठला, माझ्यापाशी आला आणि तो माझ्या डोक्यावर ठेवला. मग काठी भिंतीला टेकवून हळूहळू खाली बसला. खिशातून ती पाचर काढली. तीच, हातोडीच्या दांड्याची, हाताळून गुळगुळीत झालेली. "आलो रे," असं काहीसं पुटपुटत त्याने पाचर लावायला माझा उजवा पाय धरला.

हाताला दांडा लागेना. लागलं ते नवं, घोटीव लाकूड. त्याने हात वर नेऊन गाठ चाचपली. गाठही नव्हती. त्याने मान वर करून पेल्याकडे पाहिलं. पाणी अगदी सरळ होतं.

"हिला सरळ कोणी केलं?"

"मी!" डॉक्टर खुलून म्हणाले. "अस्सल सागवान आहे. आधीचा पाय कसल्यातरी दांड्याचा होता हो, दोऱ्याने गुंडाळलेला. दिसायला फारच गचाळ."

"तो कुठाय?"

"सुताराने चुलीत घातला असणार. का हो?"

दादाने हातातली पाचर उघडी करून दाखवली. "तो मी बांधला होता. मी त्याचा दादा."

दुर्बिणींच्या हातातलं कोनमापक खाली पडलं. बाईच आधी बोलल्या, रडत रडतच. "काका, आम्हाला माफ करा. आपण हा पाय पुन्हा बोटभर कापू. आजच कापू."

"नको," दादा म्हणाला. "कापलेला पाय आणि मोडलेला पाय सारखा नसतो, बाई. आणि सरळ असावं असं मीच म्हणत होतो ना जन्मभर? झालं माझ्या मनासारखं."

तो उठला. पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं, पाचरीवर सवयीने फुंकर मारली, पण ती खिशात न टाकता माझ्या डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "त्याचा शेवटचा सिनेमा लावता का? बघायचा राहिलाय."

त्यांनी चादर टांगली. दादा पुढच्या खुर्चीवर बसला. पडद्यावर दारं, माणसं, रस्ते, सगळं जरासं कललेलं दिसत होतं आणि दादाची मानही हळूहळू तेवढीच कलली. सिनेमा संपला तरी तो उठला नाही, कोऱ्या चादरीकडे बघत राहिला. डॉक्टरांनी मुकाट्याने तोच सिनेमा पुन्हा लावला.

मित्रांनो, दादा त्यानंतर आला नाही. पाचर अजून माझ्या डोक्यावर आहे, तिच्यावर छत्री ठेवायला डॉक्टर कोणाला देत नाहीत. मी आता ताठ उभी असते, अजिबात कलत नाही, आणि मला फार एकटं वाटतं. तुमच्या घरात असंच काही मोडकं, दोऱ्याने बांधलेलं असेल. ते दुरुस्त करू नका असं मी म्हणत नाही. पण हात लावण्याआधी ती गाठ कोणी बांधली, एवढं विचारा. आणि बांधणारा रुसून गेला असेल, तर आधी त्याला बोलावून आणा. लाकूड नंतरही बदलता येतं.