आखूड दोर

"आरं बिरूबा, नाव हाय ती, एडका न्हाई. आता काय दात बघतूस तिचे?" मुंजाजी नावाडी हसून म्हणाला.

बिरूनं नावेच्या पुढच्या फळ्यांवरून हात फिरवणं काही थांबवलं नाही. उभा जन्म मेंढरं पारखण्यात गेलेला माणूस तो. छाती रुंद आणि पाठ सरळ असली की त्याचा विश्वास बसायचा. मुंजाजीच्या दोन नावांपैकी एक लांबट, चपळ होती. दुसरी बुटकी, रुंद बुडाची, मधोमध डोलकाठी आणि तिला ठिगळ लावलेलं लहानसं शीड. बिरूनं दुसरी निवडली. निवड चुकली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. बिचाऱ्याच्या पदरी तेवढं तरी राहू द्या.

नाव हवी होती ती बायकोसाठी. केवळाबाईचं माहेर गोदावरीच्या पैलतीराला. काठावर उभं राहिलं की आईचं घर दिसायचं, पण रझाकारांच्या धामधुमीत घाटावरची नाव फुटली, त्याला चार वर्षं झाली तरी दुसरी आली नव्हती. उन्हाळ्यात उतार सापडायचा, तेव्हा हा मेंढरं घेऊन लांब रानात. एरवी दोन दिवसांचा वळसा. "लेक धाडीत जाईन," असा पोखर्णीच्या नरसिंहाची आण घेऊन सासूला दिलेला शब्द चार वर्षं तसाच पडून होता.

सहा मेंढ्या देऊन त्यानं नाव घेतली. मुंजाजीनं शीड सोडायला, आवरायला शिकवलं आणि शेवटी लोखंडी नांगर हातात दिला. "ह्यो आत टाकायचा, आन् दोर लांब सोडायचा. पानी जेवढं खोल, त्येच्या पाचपट. नदी चढली की नावेला वर याला जागा पायजे."

बिरूनं मान डोलावली, पण पालथ्या घड्यावर पाणी! लांब दाव्याचं जनावर दुसऱ्याच्या पिकात तोंड घालतं, ही त्याच्या बापाची शिकवण. त्यानं नांगर झोपडीच्या कोपऱ्यात टाकला, पाण्यालगत बाभळीचा खुंटा हाणला आणि हातभर दोरानं नाव आवळून बांधली. उरलेला दोर मेंढरं कोंडायच्या जाळीला लावला.

"मुंजाबानं लांब बांधा म्हनलं व्हतं ना?" केवळाबाईनं विचारलं.

"तू नगं शिकवू. जनावरं बांधून जल्म गेला माजा."

चौथ्या दिवशी दिवस मावळताना पैलतीरावरून तिच्या भावाची हाक आली. "केवळेऽ, आई लय बिमार हाय! तुजंच नाव घ्यायलीय!"

केवळाबाई तशीच निघाली. बिरूनं तिला थांबवलं. "वारा पडलाय. मेंढरं कोंडायची हायती. सकाळच्या वाऱ्यानं निघू." त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण खऱ्या बोलण्याचाही माणसाला पुढं पस्तावा होतो.

इथं पावसाचा थेंब नव्हता. वर कुठंतरी झाला असावा. सकाळी बघतात तर नदी दोन्ही थड्या भरून चाललेली आणि खुंट्याच्या जागी डोलकाठीचं टोक तेवढं पाण्यावर थरथरत होतं. पाणी चढलं तसं नावेला वर येता आलं नाही. आखूड दोरानं तिचं तोंड खाली ओढून धरलं आणि ती भरली. बिरूच्या हातचा खुंटा जागचा हलला नव्हता.

तो पाण्यात शिरला. केवळाबाईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "आता तुमी पन जाता का?"

दुपारी पैलतीरावर माणसं तिरडी घेऊन उतरली.

बिरूला वाटलं, हिनं आता छाती बडवावी, आपल्या सात पिढ्या उद्धराव्यात. "बोल की कायतरी," तो म्हणाला. "शिव्या दे मला."

"वरडा," ती म्हणाली. "तुमचा आवाज मोठा हाय. त्येन्ला सांगा, म्या हितं हाय."

माळापलीकडची मेंढरं वळवणारा गळा तो. बिरूनं तोंडाशी हात धरले. "केवळा आलीयाऽ! केवळा आलीया होऽ!" पाण्याच्या घोंघाटात हाक विरून गेली. पलीकडची माणसं पाठमोरीच राहिली. थोड्या वेळानं धूर निघाला.

केवळाबाई गुडघाभर पाण्यात उतरली. धुराकडे तोंड करून तिनं ओंजळ भरली, सोडली, पुन्हा भरली. मागं काठावर बिरू हाका मारतच होता. आवाज पार बसला, तरी त्यानं तोंडापुढचे हात खाली घेतले नाहीत.